पायाला बोट

"ए डबा! परत तिच्या पायापाशीच? पुढे जायला काय तिकीट लागतं का?"

सर काठावरून ओरडले तेव्हा मी भिंतीला टेकून दम खात होते आणि माझी नणंद नेहमीप्रमाणे माझ्या मागोमाग येऊन टेकली होती. डबा हे तिचं नाव, इंजिन हे माझं. दोन्ही नावं सरांनी ठेवलेली. मी पुढे असते म्हणून इंजिन, आणि ती माझ्या मागे जोडल्यासारखी येते म्हणून डबा. सरांच्या विनोदाची धाव एवढीच, पण नावं अशी चिकटली की पूलवरच्या तिकिटाच्या खिडकीतला माणूससुद्धा तिला "आज इंजिन नाही आलं का?" असं विचारायचा.

"शेवटच्या शंभरात तू सोडून देतेस," सर तिला म्हणाले. "हात आहेत, पाय आहेत, दम आहे. इथे काही नाही." त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं. "मनाने कच्ची आहेस तू."

तिने टोपी नीट केली, गॉगल लावला आणि पुढच्या फेरीसाठी माझ्या मागे उभी राहिली.

नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात बघतात म्हणतात. आम्ही तर रोज पहाटे खरोखरच बघायचो. पण आमचं चांगलं होतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि पाण्याला इतकी घाबरायची की बादलीत तोंड बुडवताना डोळे गच्च मिटायची. मीच तिला पूलवर नेलं. पहिल्या आठवड्यात तिने माझ्या दंडावर नखांचे ओरखडे काढले, दुसऱ्या आठवड्यात ती बाहेर यायला तयार होईना. आता ती वीस वर्षांची झाली आहे, माझ्याहून बोटभर उंच. तिचे हात असे लांब आहेत की पाण्यात त्यांचा मला हेवा वाटतो. असे हात आणि त्यावर असं मेणाचं मन, म्हणून मीही चिडायचे. घरी येताना स्कूटरवर तिला ऐकवायचे. "अगं, दुखतं तेव्हाच तर खरं पोहणं सुरू होतं. तू दुखायला लागलं की घरी जातेस." ती मागे बसून "हो वहिनी" म्हणायची.

मी कुठल्या तोऱ्यात बोलायचे तेही सांगायला हवं. एका लेनमध्ये आम्ही सहा जण पोहतो. जायची एक बाजू, यायची दुसरी. सगळ्यात वेगवान माणूस पुढे, बाकीचे त्याच्यामागे वेगाच्या क्रमाने. मागच्याला वाटलं की पुढच्यापेक्षा आपला वेग जास्त आहे, तर त्याने पोहता पोहता पुढच्याच्या तळपायाला हळूच बोट लावायचं. ज्याच्या पायाला बोट लागलं, त्याने भिंतीपाशी थांबायचं, कोपऱ्यात सरकायचं आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं. त्यावर वाद घालायचा नाही की रुसून बसायचं नाही. बँकेच्या रांगेत माणसं हमरीतुमरीवर येतात, पण पाण्यातला हा नियम मी कोणालाही मोडताना पाहिलेला नाही. आणि माझ्या पायाला गेल्या कित्येक वर्षांत कोणी बोट लावलेलं नव्हतं. आमच्या लेनमध्ये तिसरे पोहणारे वकीलसाहेब गमतीने म्हणायचे, "तुमच्या तळपायावर नुसतं 'वाट बंद' असं लिहून टाका."

पोहणं झालं की मी लॅबमध्ये जाते. रक्त काढायचं माझं काम. दिवसभर दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, "बघू नका तिकडे" म्हणायचं आणि बघू नका म्हणेपर्यंत सुई आत घातलेली असते. धिप्पाड पुरुष माझ्या खुर्चीत पांढरेफटक पडलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे कोण मनाने पक्कं, कोण कच्चं, हे मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या विभागातून आठशे मीटरला राष्ट्रीय स्पर्धेसाठी एकच मुलगी जाते. दोन वर्षं मी दुसरी आले होते. गेल्या वेळी तर पेरभर अंतराने हुकलं. जी पुढे गेली तिने नंतर पोहणं सोडलं, त्यामुळे यंदा माझ्यापुढे कोणी नव्हतं. आणि यंदाचं वर्ष शेवटचं होतं. मी एकोणतीस वर्षांची, म्हणजे पोहणाऱ्यांच्या हिशेबाने म्हातारीच. या वर्षी जाऊन यायचं आणि मग मुलाचं बघायचं, असं घरात ठरलं होतं. माझ्यावर कोणी सक्ती केलेली नव्हती, ठरवलं मीच होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "एकदा जाऊन ये बाई. नाहीतर जन्मभर भांडी आपटत बसशील."

त्याच सुमारास सरांनी मानसशास्त्राच्या एका मॅडमना बोलावलं. पूलच्या मागच्या बाजूला पाय मारायला शिकताना धरायच्या जुन्या किकबोर्डांची खोली आहे, तिथे क्लोरीनच्या वासात आम्ही सगळे ओल्या टॉवेलवर गोल करून बसलो. मॅडम मोकळ्या स्वभावाच्या होत्या. फळ्यावर काही लिहिलं नाही, भाषण केलं नाही. म्हणाल्या, "मनाचा कणखरपणा म्हणजे काय, हे पुस्तकात मी वाचलंय. तुम्ही पाण्यात असता, मी नाही. तुम्ही सांगा."

पन्नास मीटर पोहणारा पोरगा लगेच म्हणाला, "उडी मारायच्या ब्लॉकवर उभं राहिल्यावर शेजारच्याकडे न बघणं." पाठीवर पोहणारी मुलगी म्हणाली, "भिंत दिसत नसते, तरी हात न आखडणं. डोकं आपटेल अशी भीती वाटते, पण हात पूर्ण टाकायचा." वकीलसाहेब म्हणाले, "या वयात तो छोटा कॉस्च्यूम घालून बायकोसमोरून घराबाहेर पडणं." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण म्हणाल्या, "हेही खरंच आहे की."

माझी पाळी आली तेव्हा मी जराही विचार केला नाही. "मागचा कितीही जवळ आला तरी त्याला पुढे जायची संधी न देणं. छाती फुटायला आली तरी." सरांनी मान डोलावली. मला फार बरं वाटलं.

नणंद भिंतीला टेकून बसली होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "गप्प बसता येणं."

पुन्हा हशा पिकला. पन्नासवाला म्हणाला, "मग तर ही जगज्जेती!" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल गप्प?"

"असंच," ती म्हणाली आणि टॉवेलचा दोरा ओढत बसली. मला तिची दया आली. बिचारीला उत्तर सुचलं नाही, असं वाटलं.

माझा गॉगल फार जुना झाला होता. काचा अशा झाल्या होत्या की पाण्याखालचं सगळं न्हाणीघरातल्या वाफेतून पाहावं तसं दिसायचं. मला त्याचं काही नव्हतं. तळाची काळी रेघ दिसली की झालं, इंजिनाला आणखी काय लागतं? पण नवऱ्याने एक दिवस नवा गॉगल आणून दिला. म्हणाला, "शेवटच्या वर्षी तरी नीट बघून पोह."

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले आणि मला फरशीच्या फटीतला मळसुद्धा दिसायला लागला. न थांबता मारायच्या लांब फेऱ्यांचा सेट होता. पूलची पहिली लांबी संपली, मी कोलांटी मारून भिंतीला लाथ दिली, आणि समोरून येणारी नणंद क्षणभर स्वच्छ दिसली. तिच्या मुठी मिटलेल्या होत्या.

मुठी मिटून पोहणं हा आमच्यातला एक व्यायाम आहे. पंजा मिटला की पाणी हाताला लागत नाही, निसटतं. दुप्पट कष्ट करून निम्मं अंतर कापलं जातं. पाण्याची जाण यावी म्हणून सर तो अधूनमधून करायला लावतात. मला वाटलं, सरांनी तिला वेगळं काही दिलं असेल. पण पुढच्या वळणावरही मुठी मिटलेल्याच. त्याच्या पुढच्या वळणावर ती जरा मागे पडली होती, तर तिचे पंजे उघडले. दोनच हात मारून ती माझ्या पायापाशी आली, आणि पंजे पुन्हा मिटले.

 खात्री करून घ्यावी म्हणून मी एकदम वेग वाढवला. वळणावर पाहिलं. पंजे उघडे, चेहरा शांत, श्वास असा की जणू बाजारात चालली आहे. मी वेग कमी केला. मुठी मिटल्या. स्कूटरची मूठ पिळावी आणि सोडावी तशी ही मुलगी माझ्या मागे स्वतःला कमीजास्त करत होती. किती महिने चाललं होतं हे, कोण जाणे. धुरकट काचांतून मला काय दिसणार होतं!

भिंतीपाशी थांबलो तेव्हा सर नेहमीप्रमाणे ओरडले, "डबा, परत तेच! कच्ची ती कच्चीच." तिने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. 

लॅबमध्ये मी त्या दिवशी कोणाशी धड बोलले नाही. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली लाज होती. तेव्हा मी त्यातल्या रागालाच धरून बसले, कारण तो सोपा होता. काल जन्मलेली ही पोरगी माझ्यावर दया करते? मी हिला बादलीत तोंड बुडवायला शिकवलं आणि ही मला माझ्याच लेनमध्ये पुढे राहू देते?

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात एकटीच अंडी सोलत बसली होती. मी दार लोटून घेतलं.

"मुठी कोणासाठी मिटतेस?"

तिचा हात थांबला. तिने नाटक केलं नाही, एवढं मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं. "कळलं तुला?" ती म्हणाली.

"आंधळी समजतेस का मला?"

"तसं नाही गं वहिनी." तिने अंडं खाली ठेवलं. "तुझं शेवटचं वर्ष आहे. माझ्याकडे अजून कितीतरी आहेत. मी पुढच्या वर्षी जाईन की. आणि मी जर तुझ्या पायाला बोट लावलं असतं, तर सरांनी लगेच सगळं बदललं असतं. तू मागे, मी पुढे. निवडीच्या तोंडावर तुझा जीव गेला असता."

"माझा जीव इतका स्वस्त नाही!"

"माहितीये. म्हणून तर वाचवत होते."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी विचारलं, "आणि सर रोज सगळ्यांसमोर तुला कच्ची म्हणतात ते? त्याचं काही वाटत नाही?"

"वाटतं ना. पहिल्या पहिल्यांदा तर घरी येऊन रडायचे मी बाथरूममध्ये." ती पुन्हा अंडं सोलायला लागली. "मग सवय झाली. तूसुद्धा म्हणायचीस स्कूटरवर, त्याचं जास्त वाटायचं."

मी खुर्चीत बसले. मला जर कोणी चारचौघांत मनाने कच्ची म्हटलं असतं, तर मी एका आठवड्यात पूल डोक्यावर घेतला असता. ही मुलगी महिनोन्‌महिने ते ऐकत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती. मॅडमना दिलेलं तिचं उत्तर मला आता कळलं, आणि माझं स्वतःचं उत्तरही आठवलं. मागच्याला संधी न देणं म्हणे! संधी देणारी मी कोण? ती तर तिनेच घेतली नव्हती.

"ऐक," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी मुठी उघडतील असं वाटतं तुला? नाही उघडणार. हाताला सवय लागते. आज माझ्यासाठी मिटतेस, उद्या आणखी कोणाची तरी दया येईल. आणि मी राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन तिथे काय सांगू? नणंदेने पाठवलं म्हणून?"

"मग काय करू?"

"उद्या माझ्या पायाला बोट लाव."

"मला नाही जमणार."

"का? मोठी कडाक्याच्या गार पाण्यात उतरतेस रोज, एवढं जमत नाही?"

ती हसली, पण मान हलवतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने बोट लावलं नाही. मग मी माझ्या पद्धतीने घेतलं. वेग कमी केला. तिनेही केला. मी आणखी कमी केला, तिनेही. शेवटी आम्ही दोघी अशा चाललो होतो की तरंगतोय की बुडतोय तेच कळेना. मागे वकीलसाहेब, त्यांच्यामागे आणखी तिघे, असा सगळा खोळंबा झाला. वकीलसाहेबांनी नणंदेच्या पायाला एकदा बोट लावलं, दुसऱ्यांदा लावलं, आणि मग थेट पाण्याबाहेर डोकं काढून म्हणाले, "अहो, सिग्नल पडलाय का पुढे?" सर शिट्टी फुंकत धावत आले. "इंजिन! काय चाललंय? तब्येत बरी आहे ना?"

"एकदम ठणठणीत," मी म्हणाले आणि पुन्हा निघाले. या खेपेला मात्र पूर्ण वेगाने, होतं नव्हतं ते सगळं लावून. मला तिला सोपं करून द्यायचं नव्हतं. दोन लांब्या गेल्या. तिसरीच्या मध्यावर माझ्या डाव्या तळपायाला काहीतरी लागलं. इतकं हलकं की पानाचा स्पर्श वाटावा. ती घाबरली होती, हे त्या बोटातूनही मला कळलं.

मी भिंतीपाशी थांबले आणि कोपऱ्यात सरकले. ती माझ्या अंगावरून पुढे गेली, तिच्या लाथेचं पाणी माझ्या तोंडावर आलं. वकीलसाहेब तिच्यामागून जायला निघाले होते, ते थांबले आणि अदबीने म्हणाले, "आधी आपण." मी नणंदेच्या मागे निघाले.

इतक्या वर्षांत मी कोणाच्या मागे पोहलेच नव्हते. तिथलं पाणी वेगळं असतं. पुढच्याने फोडलेलं, सैल झालेलं. हात टाकला की जातो. मला जवळजवळ फसवल्यासारखं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं हे सगळे माझ्या जिवावर आरामात येत होते तर! पण तिचे पाय माझ्यापासून हळूहळू लांब जायला लागले, आणि तेवढ्या सैल पाण्यातही मला ते धरून ठेवता येईनात. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, अगदी सरळ वाईट वाटलं. माझ्यापेक्षा चांगली पोहणारी या घरात होती आणि ती मी घडवली होती, याचा अभिमान वाटायला मला त्यानंतर दोन दिवस लागले.

सरांनी बराच वेळ काठावर उभं राहून पाहिलं.  त्या दिवसानंतर त्यांचं कपाळावर बोट आपटणं बंद झालं.

निवडीची शर्यत रविवारी सकाळी होती. शर्यतीत प्रत्येकीला वेगळी लेन असते, तिथे बोट लावायचा प्रश्नच नसतो. मला चौथी लेन मिळाली, तिला पाचवी. आम्ही दोघी ब्लॉकच्या मागे खुर्च्यांवर बसलो होतो. ती गुडघे हलवत होती.

"खरं पोहशील ना?" मी विचारलं.

"हो."

"मी सोडणार नाही हं तुला. जिंकायला उतरतेय मी."

"माहितीये," ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

मी थापा मारत नव्हते. मला जायचं होतं. हे सगळं कळल्यावरही मला त्या जागेवर तितकाच हक्क वाटत होता. शर्यतीच्या दिवशी काय होईल ते कोणी सांगितलंय? अंगात रग होती, नवा गॉगल होता आणि खांदे मोकळे होते. तिला जिंकायचं असेल तर तिने जिंकावं. मी हातात आणून देणार नव्हते.

पहिले सहाशे मीटर मी इतकी छान कधीच पोहले नव्हते. प्रत्येक हाताला पाणी लागत होतं. श्वास घ्यायला मान वळवली की पाचव्या लेनमध्ये ती दिसायची, माझ्या कमरेच्या रेषेत. पुढच्या श्वासाला पाहिलं, कमरेपाशीच. पुढच्या लांबीत पाहिलं, तिथेच. मी जरा जोर लावला, ती तशीच राहिली. मी जरा सैल सोडलं, तरी तिथेच. आणि मला धक्का बसला. मुठी मिटलेल्या नव्हत्या, पंजे उघडे होते. पण ती डब्यासारखी जोडली गेली होती. तिला कळत होतं की नाही कोण जाणे, पण महिनोन्‌महिन्यांची सवय तिचे हात धरून बसली होती. वेगळ्या लेनमध्ये, मध्ये दोर असूनही, ती माझ्याच मागे पोहत होती.

माझ्याकडे दोन रस्ते होते. आहे तसं पोहत राहायचं. मग मी पहिली आले असते, ती माझ्या कमरेपाशी दुसरी, आणि मी राष्ट्रीय स्पर्धेला गेले असते. कोणालाच काही कळलं नसतं, कदाचित तिलासुद्धा. किंवा मी मुद्दाम मागे पडायचं. पण म्हणजे मीच मुठी मिटायच्या, आणि तीही माझ्याबरोबर मागे पडली असती, त्या दिवशी वकीलसाहेबांसकट सगळ्या लेनचा खोळंबा झाला होता तसा.

मी तिसरंच केलं. दोनशे मीटर उरलेले असताना मी शेवटच्या पन्नास मीटरचा वेग लावला. आठशेला असं कोणी करत नाही. तिथे वेग लावला की शेवटपर्यंत पुरत नाही, हे नुकत्याच पोहायला लागलेल्या पोराला पण कळतं. पण मला तिच्या आणि माझ्यामध्ये मोकळं पाणी हवं होतं. ती जोडलेली राहील असं काही उरायलाच नको होतं. मला तिला मागे टाकायचं होतं, खरंखुरं टाकायचं होतं. मग तिने राहावं मागे, नाहीतर यावं. जिंकण्यासाठी केलं की तिला जागं करण्यासाठी, असं पुढे नवऱ्याने विचारलं, तर मला एक उत्तर देता येईना. हात टाकताना दोन्ही होतं.

वळले तेव्हा ती कमरेपाशी नव्हती. पायापाशीही नव्हती. प्रेक्षकांचा आवाज आला, सरांची शिट्टी आली. मी जीव तोडून हात मारत होते. पुढच्या लांबीच्या मध्यावर मी श्वास घेतला आणि मला तिचं डोकं दिसलं, माझ्या खांद्याच्या रेषेत. पुढच्या श्वासाला तिचा खांदा. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळे काचेमागे मोठे झाले होते, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या श्वासाला मला फक्त फेस दिसला.

त्यानंतर माझे हात गेले. आठशेतले शेवटचे पन्नास मीटर मी कशी पोहले ते मला सांगता येणार नाही. खांद्यात शिसं भरल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या लेनमधली एक पोरगी, जिला मी कधी हिशेबात धरलं नव्हतं, तीही पुढे निघून गेली. मी भिंतीला हात लावला तेव्हा मला ओकारी येत होती.

नणंद दोरावर लोंबकळत रडत होती. "वहिनी, मी बघितलंच नाही. तू कुठे आहेस ते मी बघितलंच नाही."

"बरं केलंस," मी म्हणाले. एवढंच बोलायला मला तीनदा श्वास घ्यावा लागला.

सर काठावर उकिडवे बसले. "इंजिन, दोनशे आधी सुटलीस? तू काय पहिल्यांदा पोहतेयस का?"

"राहवलं नाही सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. माझ्या ओल्या टोपीवर हात ठेवला आणि उठून गेले.

तिला फोटो आणि संघाच्या कपड्यांच्या मापासाठी थांबवून घेतलं. मी दोघींच्या पिशव्या उचलल्या आणि घरी आले. सासूबाई टेबलापाशी मटार सोलत होत्या. मी पिशव्या खाली ठेवल्या.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमची लेक."

आनंद त्यांच्या गालापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मी स्वतः पाहिला तो थांबताना. त्यांनी मान खाली घातली आणि एकदम सरळ आवाजात विचारलं, "आणि तू?"

"तिसरी."

"हं. चहा टाकते." पण त्या उठल्या नाहीत. रिकामी शेंग पुन्हा पुन्हा सोलत बसल्या.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. "आई, हसा की."

"अगं, पण तुझं..."

"माझं मला आहे. ते मी बघेन. पण तुमची मुलगी आज सगळ्यांच्या पुढे गेली, माझ्यासकट. तिची आई हसली नाही तर कोण हसणार? मला चांगलं वाटेल, खरंच."

त्या हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मटारचा वास असलेला हात त्यांनी माझ्या गालावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला तेव्हा रडू आलं. थोडंच आलं, पण आलं.

मग मी ओले कपडे घेऊन गॅलरीत गेले. तिचा कॉस्च्यूम दोरीवर टाकला. माझा पिळायला घेतला तर मनगटात जोरच नव्हता. दोनदा प्रयत्न केला, पीळ काही बसेना. शेवटी तो तसाच, पाणी गळत असलेला दोरीवर टाकला, खाली बादली सरकवली आणि दोन्ही बाजूंना चिमटे लावले. ऊन चांगलं होतं. संध्याकाळपर्यंत वाळला असता, आणि उद्या पहाटे मला तो लागणार होता.